एन्कोडर लावला म्हणजे रोबोटला वाट कळली, असं नाही

प्रोजेक्टचा हंगाम आला की इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर एक दावा हमखास फिरतो: चाकांना एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) लावा, फेऱ्यांना परिघाने गुणा की अंतर मिळालं, वेळेने भागा की वेग मिळाला, दोन चाकांच्या फरकावरून वळण काढा, रोबोट कुठे आहे ते सेंटिमीटरपर्यंत कळेल. जायरो (रोबोट किती वळला ते सांगणारा सेन्सर), लायडार (लेझरने आजूबाजूची अंतरं मोजणारं यंत्र), कॅमेरा म्हणजे पैशांची नासाडी. यातली सूत्रं बरोबर आहेत, म्हणूनच मुलं फसतात.

‘फेऱ्या गुणिले परीघ म्हणजे अंतर.’ एन्कोडरला फक्त चाक कळतं, जमीन कळत नाही. नासाचा ‘ऑपॉर्च्युनिटी’ रोव्हर एप्रिल 2005 मध्ये मंगळावर वाळूत रुतला. चाकं फिरत होती, रोव्हर जवळपास जागच्या जागी. बाहेर निघायला जून उजाडला. 2012 मध्ये उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’च्या चाकांना तर मुद्दाम भोकं ठेवली आहेत. मातीत त्यांचा ठसा मोर्स लिपीत ‘जेपीएल’ (रोव्हर बनवणारी नासाची प्रयोगशाळा) असा उमटतो आणि तो कॅमेऱ्याने पाहून खरंच किती पुढे सरकलो याची खातर करता येते.

‘मंगळाचं सोडा, आमची फरशी गुळगुळीत आहे.’ ठीक, चाक अजिबात घसरत नाही असं धरू. दोन चाकांमधलं अंतर 15 सेंमी आणि एक चाक दुसऱ्यापेक्षा 1 टक्का मोठं. 65 मिमीच्या चाकात हा फरक 0.65 मिमी, बॅटरीच्या वजनाने एका बाजूचं रबर जास्त दबलं तरी एवढा पडतो. दोन्ही एन्कोडर सारखेच आकडे देतात, पण 3 मीटर गेल्यावर एक चाक 3 सेंमी जास्त चाललेलं असतं. 3 भागिले 15 म्हणजे 0.2 रेडियन, अकरा अंशांहून जास्त. रोबोट सुमारे 30 सेंमी बाजूला गेलेला असतो आणि लॅपटॉपवर मात्र सरळ रेघ दिसते. कुठला सेंटिमीटर घेऊन बसलात?

‘वेळेने भागलं की वेग.’ एन्कोडरची बाजारात सर्रास मिळणारी 20 खाचांची चकती घ्या; तिच्या खाचा मोजूनच चाक किती फिरलं ते कळतं. चाकाचा परीघ 204 मिमी, म्हणजे एका खाचेला 10.2 मिमी. रोबोट सेकंदाला 0.3 मीटर चालतोय आणि कोड दर 10 मिलिसेकंदांनी खाचा मोजतोय. तेवढ्यात चाक जेमतेम 3 मिमी सरकतं. त्यामुळे बहुतेक वेळा वेग येतो शून्य आणि मधूनच एकदम सेकंदाला 1.02 मीटर. हे आकडे पीआयडीला (हवा तो वेग आणि मोजलेला वेग यांतला फरक बघून मोटर सावरणाऱ्या कोडला) दिले की मोटर झटके खाणारच, मग मुलं रात्रभर त्यातले गेन, म्हणजे गुणक, बदलत बसतात. अशा कमी वेगात खाचा मोजू नका, दोन खाचांमधला वेळ मोजा. इथे तो 34 मिलिसेकंद येईल आणि वेग स्थिर दिसेल. शिवाय एकच सेन्सर असेल तर चाक उलटं फिरलं तरी अंतर पुढेच वाढतं; त्यासाठी दिशाही ओळखणारा दोन चॅनेलचा एन्कोडर हवा.

‘मग जायरो तरी कुठे अचूक असतो?’ नसतोच, त्याचा कोन हळूहळू सरकत जातो. पण चाक लहान-मोठं असलं किंवा घसरलं तरी त्याला फरक पडत नाही. दोघांच्या खोडी वेगळ्या, म्हणून तर कालमन फिल्टरमध्ये (कुठल्या मापावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवून मापं एकत्र करणाऱ्या गणितात) दोघांना एकत्र आणतात. तरीही चूक साठतेच, म्हणून अधूनमधून भिंत, खूण, पट्टी असं बाहेरचं काहीतरी बघावंच लागतं.

‘रोबोटला मार्गाचे बिंदू दिले की झालं, तो बरोबर जाईल’ हेही चूक. सेकंदाला 1 मीटर वेग आणि 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग इतकाच ब्रेक असेल, तर थांबायला पूर्ण 1 मीटर लागतो. फॉक्स, बुर्गार्ड आणि थ्रुन यांची 1997 ची ‘डायनॅमिक विंडो’ पद्धत याचाच विचार करते: पुढच्या क्षणी मोटरला गाठता येतील आणि अडथळ्याआधी थांबता येईल, तेवढेच वेग विचारात घ्यायचे.

दावा तपासायचा असेल तर मिशिगन विद्यापीठातल्या बोरेनस्टाइन आणि फेंग यांची नव्वदच्या दशकातली चाचणी करा. 4 मीटर बाजूचा चौकोन खडूने आखा, रोबोट एकदा घड्याळाच्या दिशेने फिरवा, एकदा उलट, आणि दोन्ही वेळा तो कुठे थांबतो ते टेपने मोजा. एकाच दिशेने फिरवून भागत नाही, कारण चाकांमधला फरक आणि चाकांमधल्या अंतराची चुकीची नोंद या दोन चुका एका दिशेत एकमेकींना झाकू शकतात. उलट फिरवलं की त्यांची बेरीज होते. त्या मापांवरून कोडमधले हे दोन आकडे (चाकांमधला फरक आणि चाकांमधलं अंतर) दुरुस्त करायला एक पैसाही लागत नाही. दाव्यासोबत चौकोनाचा व्हिडिओ आला आणि तो एकाच दिशेचा असला, तर उलट दिशेचाही मागून घ्या.