दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर: गाडी जुनी आहे म्हणून गळणारच, असं नाही

नमस्कार साहेब,

आमच्या गॅरेजबद्दलचा तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. तुमच्या ट्रकचा तीन गिअरचा डबा (गिअरबॉक्स) काढून आमच्याकडून चार गिअरचा बसवून घेतला, चौथ्या दिवशी ट्रकखाली ऑइलचं थारोळं, हँडब्रेक लागेना, आणि फोन केला तर "जुनी गाडी आहे, थोडं गळणारच" असं उत्तर. शिवाय आम्ही हलकी सीलं (ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगा) लावली, असं तुम्ही लिहिलंय.

आधी त्या वाक्याचं. ते आमच्याच माणसाच्या तोंडचं आहे, आणि ते चूक आहे. तुमच्या महिंद्राच्या एफसी 150 ट्रकसारखी गाडी इंदुरात आता क्वचितच दिसते, पण तिचा ट्रान्सफर केस (गिअरच्या डब्यामागचा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) नीट बांधला तर खाली पुठ्ठा ठेवून रात्रभर उभी करता येते. सकाळी पुठ्ठा कोरडा निघाला पाहिजे. त्या वाक्याबद्दल मी माफी मागतो.

आता गळतीचं. सोमवारी तुमचा ड्रायव्हर गाडी दाखवायला आला तेव्हा मी स्वतः खाली शिरलो. डबा आणि ट्रान्सफर केस यांच्या जोडाला ऑइलचा थेंब नव्हता. म्हणजे नव्या डब्याचं काम धरून आहे. ऑइल येत होतं ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडातून, जिथे मागच्या चाकांकडे फिरणं नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा योक, म्हणजे त्याला जोडणारा तुकडा, बसतो. आणि तिथे दोन गोष्टी एकत्र आल्या: एक आमची, एक तुमची.

आमची आधी. डबा बसवल्यावर आमच्या पोरानं ट्रान्सफर केसला हौसेनं काळा रंग मारला, आणि ब्रीदरचं भोक त्या रंगानं बुजलं. ब्रीदर म्हणजे केसचं नाक. इंदूर-चोरल रस्त्यावरचा भेरूघाट चढताना आतलं ऑइल तापतं, हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट हवी. नाक बंद असेल तर ती सीलच्या ओठावर जोर करते आणि ऑइल घेऊनच बाहेर पडते. आम्ही गाडी देवास नाक्यापर्यंत फिरवून आणली, तेवढ्यात केस कोमटसुद्धा झाला नसेल. म्हणून आम्हाला काही दिसलं नाही, आणि चोरलच्या फेरीत तुम्हाला दिसलं. घाटाची चक्कर मारूनच गाडी द्यायला हवी होती.

तुमची गोष्ट अशी. योकच्या ज्या गोल भागावर सील घासतं, तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्यानं चर पडलाय. गाडी उघडली होती तेव्हा मी तुम्हाला त्यावरून नख फिरवायला लावलं होतं आणि ते अडकलं होतं. तेव्हाच सांगितलं होतं की योक बदला, नाहीतर त्यावर पातळ स्लीव्ह चढवू. तुम्ही म्हणालात, "सील नवं आहे ना, चालेल." सील नवंच आहे, छोटी ग्वालटोलीतून आणलेलं, चांगल्या कंपनीचं. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे ठेवून, ओठाला ग्रीस लावूनच बसवलंय. पण चरावर बसलेलं सील कितीही महाग असलं तरी पूर्ण टेकत नाही. तेव्हा मी जास्त अडून बसलो नाही, एवढा दोष माझा.

हँडब्रेकचा घोटाळा याच गळतीतून झाला. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे, त्याच योकवर त्याचा ड्रम असतो. तिथून निघालेलं ऑइल थेट लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीवर, जातं. भिजलेलं लायनर पेट्रोलनं धुऊन चालत नाही, दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा घसरतं. बदलावंच लागतं.

तुमच्या ड्रायव्हरनं 140 नंबरचं जाड ऑइल घालून बघू का, असं विचारलं. नका घालू. जाड ऑइलनं गळती थांबत नाही, फक्त हळू होते आणि थंडीत गिअर जड पडतात. या गिअरच्या डब्यात गिअर सहज पडावेत म्हणून पितळेच्या सिंक्रो रिंगा आहेत, म्हणून आम्ही पितळेला चालणारं 90 नंबरचं जीएल-4 ऑइल घातलंय. ट्रान्सफर केसमध्ये साधारण दीड-पावणेदोन लिटर मावतं. गाडी सपाट जागी उभी करून प्लगच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरायचं, त्याच्या वर नाही. जास्त भरलेलं ऑइलही सीलवाटेच बाहेर येतं. आणि आता गिअरचा डबा आणि ट्रान्सफर केस, दोन्हींची लेव्हल वेगवेगळी बघा. मध्ये सील बसवल्यामुळे एकाचं ऑइल दुसऱ्यात जाणार नाही.

शनिवारी गाडी घेऊन या. ब्रीदर, मागचं सील, ऑइल, हँडब्रेकचं लायनर आणि सगळी मजुरी आमच्याकडे. योकचे किंवा स्लीव्हचे पैसे तेवढे तुम्हाला द्यावे लागतील. या वेळी योकच्या आतल्या उभ्या खाचांवर (स्प्लाइनवर) आणि नटाखालच्या वॉशरला सिलिकॉनही लावू, कारण त्या खाचांतून ऑइल पाझरतं आणि लोक उगाच सीलला दोष देतात. केसमधल्या मधल्या दांड्याच्या, म्हणजे इंटरमीडिएट शाफ्टच्या, मागच्या टोकाचंही तेच, तेही उघडू. सिलिकॉन सुकायला रात्रभर लागेल, त्यामुळे "संध्याकाळीच द्या" असं या वेळी म्हणू नका. गाडी रविवारी दुपारी, घाट चढवून आणल्यावर मिळेल. हवं तर त्या चक्करला तुम्हीही बसा.

तोपर्यंत गाडी उतारावर उभी करू नका. करावीच लागली तर चाकामागे मोठा दगड लावा. गिअरमध्ये टाकली म्हणून निश्चिंत राहू नका: ट्रान्सफरचा लिव्हर न्यूट्रलला असला तर गिअर असूनही गाडी मोकळीच असते. ड्रायव्हरला हे आजच सांगा.