‘दुखत नाही, पण…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

बायकांच्या हार्ट अटॅकवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. ठाण्यात वागळे इस्टेटला तीस वर्षं औषधाचं दुकान चालवलेला माणूस काही सांगतो, ते मनावर घ्यायलाच हवं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हार्ट अटॅक आला तरी बायकांच्या छातीत दुखतच नाही, हे मी लिहिलं ते चूक, अशा लेखांमुळे बायका साध्या पित्तालाही घाबरतात, आणि बायकांना खरा धोका कॅन्सरचा, हृदयाचा नव्हे.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. छातीतला त्रास हेच बायकांमध्येही सर्वांत जास्त आढळणारं लक्षण आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. त्याच्या जोडीला धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, कधी नव्हे असा थकवा हे बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसतं, इतकंच मी म्हणायला हवं होतं.

पण ती चूक का झाली तेही सांगते. माझ्या आईने ‘दुखतंय’ हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

आई कोपरीला राहते. जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन स्टेशनचा पूल ओलांडून घरी यायची. अटॅकच्या आधीचे तीन आठवडे ती जिन्यात मध्येच थांबत होती. पिशवी खाली ठेवायची, पदराने मान पुसायची, दोन मिनिटांनी पुन्हा चढायला लागायची. एकदा मी सोबत होते. काय झालं विचारलं तर म्हणाली, ‘ब्लाउज घट्ट झालाय गं.’ दुसऱ्या दिवशी मी तिचे दोन ब्लाउज सैल करायला टाकले.

मग एका पहाटे तिचा खालचा जबडा ठणकायला लागला. तिने दाढेखाली लवंग धरली, ओवा घेतला, सगळ्यांचे डबे भरले. दहा वाजता जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. ‘छातीत दुखतंय का?’ त्यांनी विचारलं. आई म्हणाली, ‘दुखत नाही, पण गच्च झालंय.’ त्या ‘पण’च्या पुढचं कुणी ऐकलं नाही. मीही नाही. पित्ताचं इंजेक्शन घेऊन घरी आलो. दुपारी उलटी आणि गार घाम. हॉस्पिटलमध्ये ईसीजी निघेपर्यंत आठ तास उलटले होते. अँजिओप्लास्टी झाली, आई वाचली. पण हृदयाचा जो स्नायू तेवढ्या वेळात मेला तो परत येत नाही. आज हृदयाचं पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर फेकलं जातं ते प्रमाण, ४० टक्के आहे. पूल ती आता चढत नाही.

भीतीचं म्हणाल, तर ती तुम्ही काउंटरवर रोज पाहिली असणार. प्रत्येक जळजळ हृदयाची नसते, खरंच. पण चालताना, जिना चढताना सुरू होतं आणि थांबलं की जातं, हे पित्ताचं वागणं नाही. त्यात मधुमेह, बीपी, मिश्री-तंबाखू असेल, पाळी गेलेली असेल किंवा गरोदरपणात बीपी चढलं असेल, तर तिथे अंदाजावर गोळी नको. मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त पटीने वाढतो, हे किती घरांत माहीत आहे? ईसीजी पाच मिनिटांत निघतो. पहिला नॉर्मल आला तरी त्रास चालू असेल तर पुन्हा काढतात, हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणीही काही तासांनी परत करतात. घाबरून गेलेली बाई ‘काही नाही’ ऐकून घरी आली, तर मला आनंदच आहे.

कॅन्सरची भीती खोटी नाही. तरी २०१९ साली जगभरात जेवढ्या स्त्रिया दगावल्या, त्यांतल्या ३५ टक्के हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी गेल्या. स्त्रियांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण तेच आहे.

आता एक मागणं. दुकान हल्ली मुलगा बघतो, असं तुम्ही लिहिलंय. पन्नाशीची बाई पित्ताची गोळी घ्यायला पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्याने तिला ‘छातीत दुखतं का’ असं विचारू नये. ‘जिना चढताना काय होतं?’ एवढं विचारावं आणि तिचं वाक्य पुरं होऊ द्यावं. त्रास आत्ता चालू असेल, घाम फुटला असेल, तर गोळी बाजूला ठेवून १०८ला फोन लावावा. काउंटरवर चिकटवायला मोठ्या अक्षरांतला कागद मी करते. शनिवारी वागळेला येणार आहे, तेव्हा देऊन जाईन.