ग्राफिक्सची निवड दुकानात होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रोसेसर बनवणारी इंटेल आणि ग्राफिक्स चिप बनवणारी एन्व्हिडिया यांच्या वादात ॲपलच्या तेरा इंची मॅकबुक प्रोचं ग्राफिक्स कसं अडकलं, या माझ्या लेखावर तुम्ही मुद्देसूद टीका केलीत. मनापासून आभार. इतक्या तपशिलात शिरून कुणी खोडून काढायला बसतं, तेव्हा दोन ओळींत बोळवण करणं बरं नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. ग्राफिक्स प्रोसेसरच्या आत जाणं हा तंत्रज्ञानाचा ओघच होता, त्याला कंपन्यांच्या भांडणाचा परिणाम म्हणणं ओढूनताणून आहे. ॲपलला इंटेलचा नवा प्रोसेसर कोअर आय५ हवाच असता तर शेजारी वेगळी ग्राफिक्स चिप बसवता आली असती. स्पर्धेमुळे शेवटी ग्राहकाचंच भलं झालं. आणि पंधरा वर्षांपूर्वीचं हे उकरून आज लॅपटॉप घेणाऱ्याला काय मिळणार?

ओघाबद्दल आपल्यात मतभेद नाही. मेमरी कंट्रोलर, म्हणजे मेमरीची ये-जा सांभाळणारा भाग, प्रोसेसरमध्ये आणणं योग्यच होतं. इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडीने ते २००३ सालीच ॲथलॉन ६४ या प्रोसेसरमध्ये करून दाखवलं होतं आणि इंटेलने २००८च्या अखेरीस नेहालेम या प्रोसेसरच्या पिढीत केलं. मेमरीपर्यंतचं अंतर कमी झालं, वेग वाढला. त्यामागोमाग ग्राफिक्सही तिथे येणार हे उघड होतं, कारण चिपसेटमधलं (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपमधलं) ग्राफिक्स मेमरीला चिकटूनच जगत असतं. इथवर भांडणाचा काही संबंध नाही.

पण ग्राफिक्स कुठे बसणार हा एक प्रश्न, आणि प्रोसेसरला दुसऱ्या कुणाची चिप जोडू द्यायची की नाही हा वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर अभियंत्यांनी दिलं. दुसरा थेट कोर्टात गेला.

तोवरची रचना आठवा. इंटेलचा प्रोसेसर फ्रंट साइड बस या जोडणीने चिपसेटला जोडलेला असे आणि मेमरी कंट्रोलर, साधं ग्राफिक्स असं सगळं त्या चिपसेटमध्ये असे. २००४ साली इंटेल आणि एन्व्हिडिया यांच्यात परवान्याचा करार झाला आणि एन्व्हिडिया इंटेलच्या प्रोसेसरसाठी चिपसेट बनवू लागली. ऑक्टोबर २००८मध्ये ॲपलने मॅकबुकमध्ये घेतलेला जीफोर्स ९४००एम हा त्याच वाटेने आला. एकाच चिपमध्ये चिपसेटची सगळी कामं आणि वर १६ कोअरचं ग्राफिक्स. आधीच्या मॅकबुकमधल्या इंटेलच्या जीएमए एक्स३१००शी त्याची तुलनाही होऊ शकत नव्हती.

नेहालेमच्या पिढीत मेमरी कंट्रोलर आत गेला आणि प्रोसेसर बाहेरच्या जगाशी नव्या जोडण्यांनी बोलू लागला. लॅपटॉपपुरती ती जोडणी म्हणजे डीएमआय. इंटेलचं म्हणणं पडलं की २००४चा करार अशा प्रोसेसरना लागू होत नाही. फेब्रुवारी २००९मध्ये त्यांनी डेलावेअरच्या न्यायालयात तसा दावा लावला, मार्चमध्ये एन्व्हिडियाने प्रतिदावा ठोकला, आणि ऑक्टोबरमध्ये नव्या इंटेल प्रोसेसरसाठीच्या चिपसेटवरचं काम थांबवत असल्याचं एन्व्हिडियाने सांगितलं. त्याच डिसेंबरमध्ये इंटेलने लॅराबी हे स्वतःचं ग्राफिक्स कार्ड ग्राहकांसाठी बाजारात आणण्याचा बेत रद्द केला. म्हणजे दुसऱ्याची वाट बंद झाली तेव्हा त्याच्या तोडीचं काहीही इंटेलच्या हातात नव्हतं. तुमच्या प्रतिक्रियेत हा काळाचा मेळ सुटलाय, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

आता एप्रिल २०१०. ॲपलने पंधरा इंची मॅकबुक प्रोमध्ये नवे कोअर आय५ आणि आय७ दिले, सोबत एन्व्हिडियाची वेगळी ग्राफिक्स चिप जीटी ३३०एम. तेरा इंचीत मात्र जुनाच कोअर २ ड्युओ ठेवला आणि त्याला जीफोर्स ३२०एम जोडली. 'शेजारी वेगळी चिप बसवता आली असती' हे तुमचं वाक्य इथे तपासून पाहू. ३२०एम ही एकच चिप चिपसेट आणि ग्राफिक्स अशी दोन्ही कामं करत होती. आय५ घेतला असता तर इंटेलचा चिपसेट बसवावाच लागला असता, त्याशिवाय वेगळी ग्राफिक्स चिप, आणि त्या चिपची स्वतःची मेमरी. शिवाय त्या पिढीच्या आय५मध्ये प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये इंटेलचं ग्राफिक्स आलेलं होतं. ते वापरा किंवा नका वापरू, पैसे मोजायचेच. तेरा इंची खोक्यात तेव्हा डीव्हीडी ड्राइव्हही होता आणि बॅटरी दहा तास चालेल असं ॲपल सांगत होतं. एवढ्या चिपांना जागा कुठली, आणि त्यांची उष्णता जाणार कुठे? पंधरा इंचीत ते जमलं, कारण तिथे जागा होती. किंमतही होती.

म्हणून त्या वर्षी तेरा इंची घेणाऱ्यापुढे दोनच पर्याय होते : चांगलं ग्राफिक्स आणि जुन्या पिढीचा प्रोसेसर, नाहीतर सरळ मोठं, महाग मशीन. नवा प्रोसेसर आणि एन्व्हिडियाचं आतलं ग्राफिक्स ही तिसरी जोडी अभियांत्रिकीच्या दृष्टीने अशक्य होती असं मला वाटत नाही. प्रोसेसरपासून चिपसेटपर्यंतचा रस्ता वापरायची परवानगी असती तर एन्व्हिडियाने तशी चिप काढली असती. एवढा मोठा ग्राहक सोडायची तिला हौस नव्हती.

फेब्रुवारी २०११च्या मॉडेलबद्दल तुम्ही लिहिलंय की 'सँडी ब्रिज आला आणि वाद निकालात निघाला'. प्रोसेसरच्या वेगाबाबत पूर्ण सहमत, ती झेप मोठीच होती. व्हिडिओ एन्कोडिंगसाठी त्यात दिलेली वेगळी सोयही अप्रतिम होती. पण ग्राफिक्स पाहा. सँडी ब्रिज या इंटेलच्या नव्या प्रोसेसर पिढीतलं आतलं ग्राफिक्स, एचडी ३०००, काही गेममध्ये आधीच्या वर्षीच्या ३२०एमच्या बरोबरीला यायचं, काहींत मागे पडायचं. आणि ३२०एमवर ओपनसीएल (ग्राफिक्स चिपकडून इतर आकडेमोड करून घेण्याची सोय) चालायचं, एचडी ३०००वर नाही. २००९च्या स्नो लेपर्ड या मॅकच्या प्रणालीत ॲपलने ओपनसीएलचा केवढा गाजावाजा केला होता! दीड वर्षात त्याच कंपनीच्या सगळ्यात छोट्या प्रो लॅपटॉपमधून ग्राफिक्स चिपवरचं ओपनसीएल गेलं. नवं मशीन घेणाऱ्याच्या हातून एखादी क्षमता काढून घेतली जाते, याला मी 'निकालात निघणं' म्हणणार नाही.

नेटबुकच्या, म्हणजे छोट्या स्वस्त लॅपटॉपच्या, बाबतीत तर हे आणखी ठसठशीत दिसलं, आणि मूळ लेखात त्याला मी जागा दिली नव्हती. २००९मध्ये एन्व्हिडियाने आयन आणलं : इंटेलचा स्वस्त प्रोसेसर ॲटम आणि शेजारी तोच ९४००एम. इंटेल स्वतः ॲटमबरोबर जुना ९४५ मालिकेचा चिपसेट देत होती. डेस्कटॉपच्या ॲटम बोर्डांवर तर ४ वॅटच्या प्रोसेसरशेजारी २२ वॅटचा चिपसेट बसलेला असे आणि पंखा चिपसेटवर लागे. आयनमुळे त्याच गरीब ॲटमवर १०८० रेषांचा व्हिडिओ न अडखळता चालू लागला. एन्व्हिडियाचा जाहीर आरोप होता की सुटा ॲटम ४५ डॉलरला आणि इंटेलच्या चिपसेटसकट संपूर्ण संच २५ डॉलरला विकला जातो. कुणावर सक्ती केल्याचं इंटेलने नाकारलं. किमतीचं खरं-खोटं बाजूला ठेवू. पुढच्याच पिढीत, २०१०च्या सुरुवातीला, ॲटमच्या आत मेमरी कंट्रोलर आणि ग्राफिक्स दोन्ही गेलं. आयनची नवी आवृत्ती मग चिपसेट राहिली नाही. नेटबुकमध्ये ती पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या एका लेनवर (मार्गिकेवर) टांगलेली वेगळी चिप झाली, आपली मेमरी घेऊन, जास्तीची वीज खात. सगळ्यात स्वस्त संगणक घेणाऱ्या माणसाला वर्षभर जे परवडत होतं, ते पुन्हा महाग झालं.

एन्व्हिडियाची तळी उचलतोय असा सूर तुमच्या प्रतिक्रियेत आहे, म्हणून हेही सांगतो. ज्या ठिकाणी जोडणीचा ताबा एन्व्हिडियाकडे होता, तिथे तीही तशीच वागली. दोन कार्डं एकत्र चालवण्याची एसएलआय ही सोय कितीतरी काळ तिच्याच चिपसेटच्या बोर्डांवर मिळे. इंटेलच्या बोर्डांवर दोन स्लॉट असायचे, एटीआय या प्रतिस्पर्धी ग्राफिक्स कंपनीची तशीच सोय, क्रॉसफायर, चालायची, पण एसएलआय ड्रायव्हरमधूनच बंद. २००८ साली इंटेलच्या एक्स५८ चिपसेटच्या बोर्डांना एन्व्हिडियाने परवाने द्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे ते सुटलं. २००९मध्ये तर मुख्य कार्ड एएमडीचं असेल तर शेजारी बसवलेल्या एन्व्हिडिया कार्डावरचं फिजएक्स (गेममधल्या हालचालींची आकडेमोड करण्याची सोय) हेसुद्धा तिने ड्रायव्हरमधून बंद केलं. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेलं कार्ड, आणि त्यातलं काय चालेल हे शेजारी कोण बसलंय त्यावर ठरणार! मला याचा तेव्हाही संताप आला होता, आजही येतो.

एएमडीनेही २००६मध्ये एटीआय ५४० कोटी डॉलरला घेतली, आणि इंटेलच्या प्रोसेसरसाठीचे एटीआयचे चिपसेट त्यानंतर फार टिकले नाहीत. २००५ साली खुद्द इंटेलने आपल्या एका बोर्डावर एटीआयचा चिपसेट वापरला होता, हे आज सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

'स्पर्धेने ग्राहकाचं भलं झालं' याला माझं उत्तर यातूनच येतं. चिप चांगली करण्याची स्पर्धा ग्राहकाला लाभली, नक्कीच लाभली. इंटेलचं एचडी ४०००, २०१३चं आयरिस प्रो, पुढे एएमडीच्या रायझनमधल्या व्हेगा ग्राफिक्सला तोंड देत आलेलं आयरिस एक्सई, ही सगळी त्याचीच फळं. जोडणी अडवण्याची स्पर्धा मात्र ग्राहकाला कधीच लाभली नाही. तुम्ही दोन्ही एकाच खात्यावर जमा करताय.

फरक सरकारी यंत्रणेलाही दिसला होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००९मध्ये इंटेलवर कारवाई सुरू केली आणि ऑगस्ट २०१०च्या तडजोडीत एक कलम असं घातलं की इंटेलने किमान सहा वर्षं पीसीआय एक्सप्रेसची जोडणी कायम ठेवावी. ग्राफिक्स आत घेऊ नका असं कमिशन म्हणालं नाही. बाहेरचा रस्ता उघडा ठेवा, एवढंच म्हणालं. जानेवारी २०११मध्ये इंटेलने एन्व्हिडियाला हप्त्याहप्त्याने १५० कोटी डॉलर द्यायचं कबूल करून खटला मिटवला. एन्व्हिडियाला पैसे मिळाले, पण तिचे चिपसेट इंटेलच्या मशीनमध्ये परतले नाहीत.

राहिला आजचा प्रश्न. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत ओळखीची मुलं 'कोणता लॅपटॉप घेऊ' म्हणून विचारतात. त्यांच्या बजेटमध्ये वेगळं ग्राफिक्स बहुतेकदा बसत नाही, म्हणून प्रोसेसरसोबत जे येतं तेच त्यांचं ग्राफिक्स. अशा वेळी रॅमची एकच स्टिक आहे की दोन, हेसुद्धा ग्राफिक्सचा वेग ठरवतं. आयरिस एक्सई असलेल्या प्रोसेसरला एकाच चॅनलवर मेमरी दिली तर विंडोज त्याचं नाव नुसतं यूएचडी ग्राफिक्स असं दाखवतं. एएमडीच्या २०२५मधल्या रायझन एआय मॅक्समध्ये ४० कॉम्प्युट युनिटपर्यंतचं दणदणीत ग्राफिक्स आत आहे, आणि आत घेण्याच्या बाजूने तुम्हाला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. पण तेवढं ग्राफिक्स हवं तर प्रोसेसरही एएमडीचाच, आणि रॅम बोर्डला सोल्डर केलेली. हवं ते उचलून जुळवायचं स्वातंत्र्य तिथे नाही.

दोन प्रतिस्पर्धी एकत्र आले तरी ग्राहक सुरक्षित असतोच असं नाही. २०१८मध्ये इंटेलचा प्रोसेसर आणि एएमडीचं रेडिऑन व्हेगा एम एकाच पॅकेजमध्ये आलं. चिप सुंदर होती. ऑक्टोबर २०१९मध्ये ती बंद करत असल्याचं इंटेलने जाहीर केलं आणि ज्यांनी महाग मशीन घेतली होती त्यांना ग्राफिक्सच्या नव्या ड्रायव्हरसाठी ताटकळावं लागलं. इंटेल म्हणजे विकणारी, एएमडी म्हणजे बनवणारी, मग ड्रायव्हर कुणी द्यायचा?

म्हणूनच सप्टेंबर २०२५ची बातमी मी बारकाईने वाचली. एन्व्हिडिया इंटेलमध्ये ५०० कोटी डॉलर गुंतवणार आणि आरटीएक्स ग्राफिक्सच्या चिपलेट (छोट्या सुट्या चिपा) जोडलेले एक्स८६ (नेहमीच्या पीसीतले) प्रोसेसर इंटेल बनवणार. २००९मध्ये ज्या जोडीसाठी कोर्टात गेले, तीच जोडी आता दोघांच्या संमतीने. मला त्याचं कौतुक आहे, ते मशीन मलाही हवंय. त्याच वेळी इंटेलच्या स्वतःच्या आर्क ग्राफिक्सकडे किती लक्ष राहील, याची काळजीही वाटते, कारण २०२२मध्ये बऱ्याच वर्षांनी ग्राहकाला कार्डांत तिसरं नाव मिळालं होतं.

त्या चिपा आल्या की मी दोन गोष्टी आधी पाहणार आहे : बाहेरच्या ग्राफिक्ससाठी पीसीआय एक्सप्रेसच्या किती लेन ठेवल्यात, आणि ड्रायव्हर देण्याची जबाबदारी लेखी स्वरूपात दोघांपैकी कुणी घेतली आहे. तुमच्या हाती ती माहिती माझ्याआधी आली तर जरूर कळवा.