‘दुप्पट करा आणि वाकवा’: कंड्युटच्या ऑफसेटचा फिरता सल्ला कुठे फसतो

वायरमन मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला फिरतोय. सांगणं थोडक्यात असं: वायरीचा पाइप, म्हणजे कंड्युट, अडथळ्यावरून न्यायला दोन उलटसुलट वाकांचा जो ऑफसेट काढतात, त्याला गणित लागत नाही. अडथळा जेवढा पुढे आलाय त्याची दुप्पट करा, तेवढ्या अंतरावर पाइपवर दोन खुणा मारा, गुडघ्यावर घेऊन वाकवा. कोन ४५ चा ठेवा म्हणजे पाइप वाचतो. वाकवताना पाइपच्या आत घालायची स्प्रिंग नसेल तर गॅसवर शेकवा. तेही जमत नसेल तर दोन एल्बो (तयार काटकोनी जोड) चिकटवा नाहीतर मधे फ्लेक्सिबल (लवचीक पाइप) टाका. वायर गेली म्हणजे झालं.

भिंतीत झिरी मारून गाडायच्या पाइपला हे एक वेळ खपून जातं, गिलावा सगळं झाकतो. पण आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये कॉलम-बीमवरून जाणारा पाइप उघडाच असतो. पेठांतल्या जुन्या घरांच्या काळ्या दगडाच्या भिंतीत झिरी मारता येत नाही, तिथेही पाइप भिंतीवरूनच न्यावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथे बोर्ड वर घ्यायचा म्हटला तरी तीच गत. असा ऑफसेट चुकला की घरमालकालाही दिसतो, पाइप किती चांगल्या कंपनीचा आहे ते मग कोण बघत नाही.

‘दुप्पट करा.’ हे खरं आहे, पण फक्त ३० अंशाला. नववीच्या भूमितीत ३०-६०-९० च्या त्रिकोणात ३० अंशासमोरची बाजू कर्णाच्या निम्मी असते, ते प्रमेय इथे कामाला येतं. चढ, म्हणजे अडथळा ओलांडायला पाइप जेवढा उठवायचाय ते अंतर, ही समोरची बाजू, आणि दोन वाकांमधला तिरपा पाइप म्हणजे कर्ण. कोन बदलला की दुपटीचा हिशेब संपला. चढाला कितीने गुणायचं ते असं: १० अंशाला ५.७६, साडेबावीसला २.६१, ३० ला २, ४५ ला १.४१, ६० ला १.१५. एवढे पाच आकडे टेपच्या डब्यावर मार्करने लिहून ठेवले की काम भागतं.

आता सल्ल्यात दुप्पट आणि ४५ अंश दोन्ही एकत्र सांगितलेत, म्हणजे तो स्वतःलाच खोटं पाडतो. चढ १०० मिमी हवाय, खुणा २०० मिमीवर मारल्या आणि दोन्ही वाक ४५ चे काढले, तर पाइप १०० नाही, १४१ मिमी उठेल. बीमपासून ४१ मिमी हवेत. उलट वाक साडेबावीसचे पडले तर चढ जेमतेम ७६ मिमी मिळतो आणि पाइप बीमच्या कडेला अडतो. ‘गणित लागत नाही’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा नकळत ३० च्याच आसपास वाकवत असतो, म्हणून त्याचं जमून जातं.

चढ मोजण्यातही लोक फसतात. तो पाइपच्या खालच्या कडेपासून खालच्याच कडेपर्यंत मोजायचा. एका जागी खालची आणि दुसऱ्या जागी वरची कड धरली तर २५ च्या पाइपला सरळ २५ मिमीची चूक. पाइप सॅडलच्या (भिंतीला पाइप धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या) बेसवर बसणार असेल तर बेसची जाडी दोन्हीकडे सारखी आहे का ते बघा. बीमवरही तोच बेस येणार असेल तर चढ बीमच्या उठावाएवढाच. बीमवर सॅडल येणार नसेल तर हिशेब बदलतो.

‘४५ ठेवा, पाइप वाचतो.’ नेमकं उलटं. १०० मिमी चढायला ४५ अंशाला तिरपा भाग १४१ मिमी लागतो आणि पाइप भिंतीवर पुढे सरकतो १०० मिमी. म्हणजे ४१ मिमी पाइप जास्तीचा गेला. ३० अंशाला तिरपा २०० आणि पुढे सरकणं १७३, जास्तीचा गेला फक्त २७. ४५ मध्ये वाचते ती भिंतीवरची जागा. जागा अडचणीची असेल, दोन बॉक्सच्या मधे ऑफसेट बसवायचा असेल, तर ४५ घ्याच, पण पाइपच्या नावाखाली नको.

शिवाय लहान चढाला ४५ बसतच नाही, आणि ही गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. वाक म्हणजे कोपरा नव्हे, त्याला गोलाई लागते. पीव्हीसीला पाइपच्या व्यासाच्या चौपट त्रिज्या धरून चालावं, म्हणजे २५ च्या पाइपला १०० मिमी. एवढ्या गोलाईचे दोन वाक एकमेकांत न घुसता बसायला कमीत कमी चढ किती हवा? ४५ ला ५९ मिमी, ३० ला २७ मिमी, १० ला ३ मिमी. त्यामुळे भिंतीवरून बॉक्सच्या भोकात शिरताना जो छोटा ऑफसेट लागतो, तो १० अंशाचाच करायचा. भोकाचा मध्य भिंतीपासून २२.५ मिमी आणि भिंतीला टेकलेल्या २५ च्या पाइपचा मध्य १२.५ मिमी असेल, तर चढ १० मिमी आणि खुणांमधलं अंतर ५८ मिमी. इथे ‘दुप्पट’ लावली तर खुणा २० मिमीवर येतात. तिथे वाक काढून दाखवाच.

मग सगळीकडे १० अंशच का नको? कारण लहान कोनाला चढ फार नाजूक होतो. १०० मिमी चढात कोन २ अंशांनी चुकला तर १० अंशाच्या ऑफसेटमध्ये चढ सुमारे २० मिमीने चुकतो, ३० मध्ये ६ मिमीने, ४५ मध्ये साडेतीन मिमीने. मध्यम चढाला ३० हा बरा समझोता आहे, एवढंच.

खुणा नेमक्या कुठे मारायच्या, याबद्दल त्या सल्ल्यात अवाक्षर नाही. खरी गोची तिथेच होते. ऑफसेट काढला की पाइप आखडतो. बॉक्सपासून बीमपर्यंतचं अंतर टेपने घेतलं आणि तेवढ्यावरच खूण मारली, तर वाक बीमच्या अलीकडेच संपतो. आखडण्याचा हिशेब: चढाच्या दर १०० मिमीला १० अंशाला ९, साडेबावीसला २०, ३० ला २७, ४५ ला ४१, ६० ला ५८ मिमी.

उदाहरण घ्या. बॉक्समध्ये बसणाऱ्या टोकापासून बीमची कड ९०० मिमीवर, चढ १००, कोन ३०. पहिली खूण ९०० अधिक २७, म्हणजे ९२७ वर. दुसरी तिच्यापासून बॉक्सच्या दिशेला २०० मिमी मागे, म्हणजे ७२७ वर. वाक काढल्यावर ७२७ च्या खुणेपासून तिरपा पाइप भिंतीच्या अंगाने १७३ मिमी पुढे जातो आणि वरचा वाक बरोबर ९०० वर येतो. दोन्ही खुणा वाकाच्या मध्याच्या समजायच्या. एक मध्याची आणि दुसरी सुरुवातीची धरली की अंतराची वाट लागते. बीमची कड रफ असेल, गिलाव्याचा फुगवटा असेल, तर चढात ३-४ मिमी मोकळे ठेवा.

‘गुडघ्यावर घेऊन अंदाजाने वाकवा.’ गुडघ्याला ना नाही. २० आणि २५ चा पीव्हीसी पाइप गुडघ्यावरच वाकवतात, पण आत स्प्रिंग घालून. स्प्रिंग पाइपच्या आतल्या व्यासाची हवी. बाहेरून २५ मिमी सगळेच असतात, पण हेवी पाइपची भिंत लाइट पाइपपेक्षा जाड, त्यामुळे लाइटची स्प्रिंग हेवीत अडकते आणि हेवीची लाइटमध्ये सैल पडून पाइप चपटा होतो. स्प्रिंगच्या कडीला दोरी बांधा, दोरीवर गाठ मारून मध्य खुणेखाली आलाय का ते बघा. ९२७ वरच्या खुणेपर्यंत हात पोचणार नाही. वाकवताना दोन्ही हात खुणेपासून सारख्या अंतरावर, हळू, एका दमात नाही. झटका दिला की आतली बाजू दुमडते.

पीव्हीसी सोडला की थोडा मागे येतो. म्हणून हव्या कोनाच्या पुढे न्यायचा, क्षणभर धरायचा, सोडायचा आणि साच्यावर ठेवून बघायचा. साचा फरशीवर खडूने काढता येतो: ५०० मिमीची सरळ रेघ, तिच्या टोकाला गुण्या लावून काटकोनात २८९ मिमी वर, दोन टोकं जोडली की ३० अंश. साडेबावीसला वर २०७, ४५ ला ५००. पाइपचा पहिला पाय रेघेवर ठेवून दुसरा पाय तिरप्या रेघेला टेकतो का ते पाहायचं. फोनमधलं लेव्हलचं ॲपही चालतं. थंडीच्या सकाळी पाइप वाकवला तर वाकाची बाहेरची बाजू पांढरी पडते, कधी तडकते. तो आधी उन्हात ठेवा नाहीतर फडक्याने खसाखसा घासून कोमट करा. स्प्रिंग काढताना तिचा पीळ आवळेल त्या दिशेला फिरवत ओढा, ती बारीक होऊन सुटते.

दोन वाक सारखे नसले तर पाइपचे दोन पाय समांतर राहत नाहीत. एक ३० आणि एक २७ असा फक्त ३ अंशांचा फरक, आणि मीटरभर पुढे पाइप ५२ मिमी सरकलेला. दुसरी भानगड पिळाची. पहिला वाक काढून पाइप अर्धा गरगरवताना तो नेमका १८० अंश फिरला नाही, ५ अंश चुकला, की ३० च्या ऑफसेटमध्ये मीटरला सुमारे ४४ मिमी तो भिंतीवर आडवा भरकटतो. मग सॅडल ओढून बसवायचा खेळ सुरू. उपाय सोपा आहे: वाकवण्याआधी पाइप लोखंडी अँगलमध्ये ठेवून त्याच्या कडेने मार्करची सरळ रेघ लांबपर्यंत ओढा. पहिल्या वाकाला रेघ वर, दुसऱ्याला खाली. शहाबादी फरशीवर आडवा ठेवून पाइप डुगडुगला नाही, तर दोन्ही वाक एका पातळीत आले.

‘स्प्रिंग नसेल तर गॅसवर शेकवा.’ हे करू नका. पीव्हीसी ७५-८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो, गॅसची ज्योत त्याच्या कित्येक पट तापलेली. बाहेरची कातडी जळते, आतली भिंत कडकच राहते. जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, त्याने डोळे-घसा धरतो. तपकिरी पडलेली जागा ठिसूळ होते, आणि हा पाइप स्लॅबमध्ये गेला तर व्हायब्रेटरच्या दणक्याने चेपतो किंवा फुटून आत सिमेंटची स्लरी शिरते. ३२ आणि त्यापुढचा पाइप तर गुडघ्याला दाद देत नाही, तिथे उष्णता लागतेच, पण ती हीट गनची, पाइप सतत फिरवत. आत त्या मापाची स्प्रिंग किंवा कोरडी बारीक वाळू ठासून, दोन्ही टोकं बुच मारून बंद. मऊ झाला की साच्यावर ठेवायचा आणि ओलं फडकं फिरवून गार होईपर्यंत सोडायचा नाही.

‘दोन एल्बो चिकटवा.’ काटकोनी दोन एल्बो म्हणजे १८० अंश वळण. ३० च्या ऑफसेटमध्ये एकूण वळण ६०, ४५ मध्ये ९०. वायर ओढताना लागणारा जोर वळणाबरोबर गुणाकाराने वाढतो. घर्षणाचा गुणांक ०.४ धरला तर ६० अंशांनंतर जोर दीडपट, ९० नंतर १.९ पट, १८० नंतर साडेतीन पट, ३६० नंतर बारा पटींच्या वर. आपल्याकडच्या वायरिंग कामाच्या स्पेसिफिकेशनमध्ये दोन बॉक्सच्या मधे चार काटकोनांपेक्षा जास्त वळणं नकोत आणि वाकाची त्रिज्या ७५ मिमीपेक्षा कमी नको, असं सांगितलेलं असतं ते याचसाठी. आखूड एल्बोची त्रिज्या त्यात बसतच नाही. आज वायर जाईल. पाच वर्षांनी एक वायर बदलायची वेळ आली की इन्सुलेशन सोलवटतं आणि मग फोडाफोडी.

फ्लेक्सिबलचं एका ओळीत सांगता येईल: तो लोंबतो, आणि वायर ओढून घ्यायची स्टीलची पुल वायर त्याच्या आतल्या वळ्यांना अडकते. मोटरच्या टर्मिनल बॉक्सपाशी, थरथर असते तिथे त्याचं काम आहे.

फॅक्टरीतल्या काळ्या स्टीलच्या पाइपला यातलं गुडघ्याचं काहीच लागू नाही. खुणांचा हिशेब तोच, वाकवायला मात्र बेंडर किंवा हिक्की (पाइप वाकवायचं दांड्याचं हत्यार). हिक्कीने एका जागी सगळा कोन काढायचा नाही. खुणेच्या दोन्ही बाजूंना १५-२० मिमी सरकवत, दर खेपेला थोडे थोडे अंश. पाइपची वेल्डिंगची शिवण वाकाच्या बाजूला ठेवा, पाठीवर किंवा पोटात आली तर ती उकलायची किंवा दुमडायची भीती. वाकावर काळा रंग तडकतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात गंज तिथूनच धरतो. त्यामुळे सॅडल आवळण्याआधी त्या जागेला रेड ऑक्साइड आणि काळ्या रंगाचा हात मारून घ्या, नंतर भिंतीच्या बाजूला ब्रश जात नाही.

आणि वाक चुकलाच, तर पीव्हीसी त्याच जागी सरळ करून पुन्हा वाकवू नका. पांढरी पडलेली जागा दुसऱ्यांदा दगा देते. तो तुकडा कापा, सरळ भाग बॉक्सच्या जोडणीला वापरा आणि नवा पाइप घेऊन खुणा पुन्हा ९२७ पासून मारा.