पडण्याआधी हद्द पाहा

लष्करी हद्दीच्या काठानं दुचाकी चालवणाऱ्या तमाम मराठवाडी बंधू-भगिनींसाठी हे मोफत मार्गदर्शन. मागच्या गुरुवारी बाजारातून दहा किलो ज्वारी आणि शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन येताना खड्ड्यात पडून मी या विषयाचं प्रात्यक्षिक केलं. गुडघ्याला पट्टी आहे, स्कूटरचं पुढचं शॉकअप मिस्त्रीकडं खोलून पडलंय आणि निम्मी ज्वारी अजून त्या खड्ड्यात भिजत असेल. तेव्हा अधिकारवाणीनं सांगतो.

पहिली गोष्ट, डिक्कीत राज्यघटनेची सातवी अनुसूची ठेवा, म्हणजे कोणता विषय केंद्राचा आणि कोणता राज्याचा याची वाटणी. राज्यसूचीच्या १३ व्या नोंदीत रस्ते आणि पूल आहेत. तिथं आपटलात तर तुम्ही विधानसभेचे. संघसूचीच्या ३ ऱ्या नोंदीत छावण्यांची, म्हणजे कॅन्टोन्मेंटची हद्द आणि तिथला स्थानिक कारभार आहे. तिथं आपटलात तर थेट संसदेचे. पुढचं चाक एका सूचीत आणि मागचं दुसरीत अडकलं, तर हँडल सोडू नका. तसेच बसून राहा आणि वकिलाला फोन लावा.

शक्यतो डाव्या कुशीवर पडा. उजवीकडं दुसरं कार्यालय लागतं.

आमदाराकडं जायचं असेल तर जा, चहा चांगला मिळतो. राज्याचा १९५५ चा महामार्ग कायदा आहे, सार्वजनिक बांधकाम खातं आहे, दर पावसाळ्यानंतर खड्डेमुक्तीची घोषणाही आहे. पण छावणीचा कारभार कसा चालावा यावर राज्याला कायदा करता येत नाही. तो २००६ चा केंद्राचा छावणी अधिनियम. त्यामुळं तुमचा गुडघा मुंबईच्या सभागृहात पोचला तरी तिथून दिल्लीकडंच पाठवला जाणार. गुडघ्याला तेवढाच प्रवास.

आता मालक शोधायचा. इथं सातबारा घेऊन जाऊ नका, हसतात. छावणीच्या जमिनीला जीएलआर लागतं, म्हणजे जनरल लँड रजिस्टर. त्यात जमिनीचे वर्ग असतात: अ-१, अ-२, मग ब-१ ते ब-४, मग क. लष्कराच्या वापरातली अ-१, छावणी परिषदेकडं, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्डाकडं सोपवलेली क. लष्कराच्या आतले रस्ते एमईएस करतं, म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस. नागरी वस्तीतले परिषद. मधून राज्याचा रस्ता जात असेल तर बांधकाम खातं. पडताना यातल्या कोणत्या वर्गात पडलो हे मी पाहिलं नाही, ही माझीच चूक. ती चूक मी तीन दिवस तीन कार्यालयांत फेडली. नावं सांगत नाही, सगळ्यांचा पंखा सारखाच कुरकुरतो. पहिल्या खिडकीवर म्हणाले, ‘‘खांबाच्या अलीकडचं आमचं, पलीकडचं नाही.’’ दुसऱ्या खिडकीवर विचारलं, ‘‘खांब कोणता, सरळ का वाकलेला?’’ मी परत जाऊन खांब पाहून आलो. वाकलेला. तर म्हणाले वाकलेला मोजणीत धरत नाहीत. तिसरीकडच्या साहेबांनी फोटो मागितला. मोबाईल पुढं केला, त्यांनी दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, ‘‘काका, यात खड्डा दिसतोय, हद्द दिसत नाही. लेखी द्या.’’ लेखी दिलं. आवकचा शिक्का मारून घेतला. शिक्क्यावरची तारीखही आदल्या दिवसाची! म्हणजे अर्ज द्यायच्या आधीच एक दिवस प्रलंबित.

गेटवरच्या जवानाशी हुज्जत घालू नका. माझी स्कूटर उचलायला तोच पळत आला, ओंजळीनं ज्वारी पिशवीत भरून दिली. हद्द न विचारणारा तेवढा एकच माणूस भेटला.

रस्ता खराब असला तरी बंद नाही, हे सुख माना. बंद करायचा तर २००६ च्या कायद्याचं कलम २५८ आडवं येतं: जाहीर सूचना, लोकांच्या हरकती, वरची परवानगी. तरी देशभर रस्ते बंद होतच होते, २०१८ च्या मे महिन्यात संरक्षण मंत्रालयाला ते उघडायला सांगावं लागलं. खड्ड्यानं रस्ता बंद करायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

घाई असेल तर विलीनीकरणाची वाट पाहा. छावण्यांचा नागरी भाग काढून शेजारच्या पालिकांना द्यायचं चाललंय. २०२३ च्या एप्रिलमध्ये हिमाचलातल्या योलपासून सुरुवात झाली. मग खड्डा पालिकेचा होईल, आणि पालिकेचे रस्ते कसे असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

कुणीतरी भल्या माणसानं त्या खड्ड्यात बेशरमाची फांदी रोवलीय, वर लाल चिंधी. हीच आपली वाहतूक व्यवस्था. परवा पाहिलं तर फांदीला पालवी फुटलीय. बेशरम कुठंही रुजतं म्हणा, पण रुजायला दिवस लागतात हो, आणि तेवढे दिवस साहेब लोक काचा वर करून त्याच्या शेजारून जात होते.

बास झालं. साहेबांनो, कायदा नाही हे सांगू नका. त्याच २००६ च्या कायद्याच्या कलम ६२ मध्ये रस्ते, मोऱ्या, पूल बांधणं आणि नीट राखणं हे परिषदेचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. राज्याचा रस्ता असेल तर बांधकाम खात्याचं. दोन्हीकडं लिहिलेलं आहे, आणि दोन्हीकडं पगार होतो. हद्द ठरवायला एक मोजणी आणि एक सकाळ लागते. तिन्ही कार्यालयं याच गावात आहेत, एका जीपमध्ये मावाल. सुरक्षेचं नाव सांगून खड्डा लपवू नका, त्या पोराच्या वर्दीआड तर अजिबात नाही. माझं वय अठ्ठावन्न, मी सावरलो. माझ्या मागून दोन पोरं पुढं बसवून एक बाई येत होती.

खांबाला पाटी लावा: रस्ता कोणाचा, फोन कोणाला करायचा. तोवर दोन टोपली मुरूम टाका, कुणीही टाका. गुरुवारच्या आत.