कमी किलोमीटर म्हणजे नवी गाडी नव्हे

'बारा वर्षांची पोर्शे केमन (स्पोर्ट्स कार), फक्त १४ हजार किलोमीटर, सर्व्हिसचे कागद थोडे कमी, पण गाडी जवळजवळ नवीच' हे जुनी गाडी घेण्यावरच्या एका लेखातलं वाक्य मला नाही पटलं. निदान गोव्यात तरी नाही. इथे मिरामार-कळंगुटच्या खाऱ्या हवेत चार पावसाळे नुसती उभी राहिलेली गाडी रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा जास्त खराब होते. रबरी सील सुकतात, ब्रेक ऑइल ओलावा धरतं, हे सगळं किलोमीटर बघत नाही, वर्षं बघतं.

आधी टायर बघा. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१३ म्हणजे २०१३ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. बारा वर्षांच्या गाडीवर तेच टायर असतील तर किलोमीटर खरेही असतील, पण पहिल्याच दिवशी चार टायरचा खर्च धरून चाला. (नक्षी बघून भुलू नका, ती छानच दिसते.) मग गाडी लिफ्टवर चढवून खालचे बोल्ट, ब्रेकचे पाइप बघा. सीटच्या रुळांत चिखल सापडला, म्हणजे गाडी पाण्यात बुडालेली असू शकते, तर तिथूनच मागे फिरा.

सर्व्हिसचे कागद हरवले म्हणतात ना? जुन्या विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवरून अचानक शून्यावर आलेला दिसला, तर मधे काय झालं ते सरळ विचारा. कर्जाचा बोजा आरसीवर दिसतोच, बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय टोकन देऊ नका. विकणारा 'पणजीचा दुसरा गिऱ्हाईक उद्या येतोय' म्हणाला तर येऊ दे त्याला.