‘रिपोर्ट चांगला आला की गोळी बंद’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला

कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीबद्दलचा एक मेसेज सध्या फिरतोय. आमच्या मामांना हेपॅटायटिस बी आहे, सिरॉसिसची, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक होण्याची, सुरुवात झालेली आहे. त्यांनी तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मग ही रोजची गोळी कशाला?’ एवढ्यासाठीच हे लिहितोय, नाहीतर असल्या मेसेजना उत्तर देत बसायची मला हौस नाही.

मेसेज म्हणतो: शिरेतून बुडबुडे सोडून सोनोग्राफी केली की पाच मिनिटांत लिव्हर किती टक्के खराब आहे ते कळतं. बायोप्सी (लिव्हरचा तुकडा काढून तपासणं), फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरून मोजणं), एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून बघणं) काही लागत नाही. रिपोर्ट चांगला आला की औषधं बंद. आणि जाता जाता, या इंजेक्शनने किडनी जाते, जपून. म्हणजे एकाच दमात आरतीही आणि शिव्याही.

किडनीचं आधी उरकतो. सीटी स्कॅनच्या डायमध्ये आयोडीन असतं, ते किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून तिथे क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, बघतात. इथे तसं काही नाही. सल्फर हेक्साफ्लोराइड वायूचे सूक्ष्म बुडबुडे, त्यावर स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण, आकार साधारण लाल रक्तपेशीएवढा किंवा त्याहून लहान. वायू फुप्फुसातून श्वासावाटे निघून जातो, बहुतेक पंधरा मिनिटांच्या आत. इटलीत 2006 साली पोटाच्या अशा 23,188 तपासण्यांचा आढावा छापून आला. गंभीर त्रास दोघांना, मृत्यू एकही नाही. ॲलर्जी क्वचित येऊ शकते, तेवढं आधी सांगायचं. किडनीचा विषय संपला.

आता ‘किती टक्के खराब’. असा आकडा ही सोनोग्राफी देत नाही. पण हे पूर्ण हवेतलंही नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता. इंजेक्शन दिल्यापासून लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत बुडबुडे किती सेकंदांत पोचतात, ते त्यांनी मोजलं. सिरॉसिस झालेल्या प्रत्येकात ते 24 सेकंदांच्या आत पोचले, बाकीच्यांत जवळजवळ सगळ्यांना जास्त वेळ लागला. कारण सरळ आहे: सिरॉसिसमध्ये लिव्हरच्या आत रक्ताला आडवाटा फुटतात, आणि धमनीतून येणाऱ्या रक्ताचा वाटा वाढतो. कल्पना सुंदर होती. पण रुग्ण मोजके होते आणि तेव्हाचं बुडबुड्यांचं इंजेक्शन गॅलॅक्टोज या साखरेवर आधारलेलं, आजच्यापेक्षा वेगळं. पुढे दिसलं की दुसरीकडचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला असेल तरी ही वेळ कमी होते. आणि सिरॉसिसच्या आधीच्या, मधल्या पायऱ्या यावरून नीट वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी युरोपच्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेची 2021ची शिफारस काय आहे? आधी फिब-4, म्हणजे वय, एएसटी आणि एएलटी (रक्तात मोजली जाणारी लिव्हरची एन्झाइम्स) आणि प्लेटलेट्स यांचं गणित. त्यात शंका आली की फायब्रोस्कॅन. म्हणजे मेसेज जी तपासणी मोडीत काढतोय, तीच.

‘औषधं बंद’ हे ज्याने लिहिलं त्याला एकदा लिव्हरच्या वॉर्डात उभं करायला हवं. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर, म्हणजे ही रोजची गोळी, हेपॅटायटिस बीच्या विषाणूला (एचबीव्ही) दाबून ठेवते, मुळासकट काढत नाही. विषाणूचा डीएनए लिव्हरच्या पेशींच्या केंद्रकात दडून राहतो. गोळी सोडली की काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी, तो पुन्हा उसळतो आणि लिव्हरला सूज येते. धडधाकट लिव्हर एखादवेळी ते सोसेल. सिरॉसिस असलेलं लिव्हर तिथे कोलमडू शकतं: कावीळ, पोटात पाणी, लिव्हर निकामी, मृत्यूसुद्धा. म्हणूनच सिरॉसिसवाल्यांना ही गोळी सहसा जन्मभराची. आणि कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी दाखवते काय, तर रक्त कुठून कसं वाहतंय. विषाणू त्यात दिसतच नाही, त्याची मोजणी रक्तातल्या एचबीव्ही डीएनएच्या तपासणीत होते. मग कुठल्या रिपोर्टवर गोळी बंद करायची?

शिवाय ‘चांगला रिपोर्ट’ म्हणजे काय तेही बघा. बुडबुडे धमनीतून येतात तो सगळ्यात महत्त्वाचा टप्पा जेमतेम अर्धा मिनिट टिकतो. तेवढ्यात डॉक्टर लिव्हरमधल्या एखाद्या संशयित गाठीवर नजर रोखू शकतात, अख्खं लिव्हर धुंडाळू शकत नाहीत. रिपोर्ट त्या गाठीपुरता असतो. दर सहा महिन्यांनी साधी सोनोग्राफी करायची ती करायचीच, कारण नवी गाठ तिथेच सापडते.

बायोप्सीबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. सिरॉसिसच्या रुग्णात एक सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी गाठ धमनीच्या टप्प्यात भरून उजळली आणि साठ सेकंद उलटल्यावर हलकेच फिकी पडत गेली, तर ती लिव्हरच्याच कॅन्सरची गाठ धरतात, सुई न घालता. तिथे ही तपासणी खरंच मोलाची आहे. पण लिव्हर कशामुळे बिघडतंय हेच कळत नसेल, ऑटोइम्यून हेपॅटायटिसची (शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तो आजार) शंका असेल, तर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावाच लागतो.

एंडोस्कोपी कधी कधी टळते, हेही खरं. सिरॉसिसच्या सुरुवातीला फायब्रोस्कॅनचा कडकपणाचा आकडा 20 किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर असतील तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायची घाई नसते, असं लिव्हरतज्ज्ञांच्या 2015च्या बावेनो परिषदेने ठरवलं. त्यात बुडबुड्यांचा काही संबंध नाही.